गंगासागरातले सिंहासन आणि तळाचा गाळ

रसायनीच्या पश्चिमेला कर्नाळ्याचा सुळका उभा आहे. जानेवारी १८१८ मध्ये कर्नल प्रॉथर याच्या इंग्रजी फौजेने हा किल्ला घेतला. त्याचे अखेरचे किल्लेदार अनंतराव फडके हे पुढे क्रांतिकारक म्हणून प्रसिद्धीस आलेल्या वासुदेव बळवंतांचे आजोबा. मार्चमध्ये बोरघाटाच्या माथ्यावरील लोहगड, विसापूर आणि राजमाची हाती आल्यावर तीच फौज दक्षिणेकडे वळली, आणि १० मे रोजी, तोफांच्या माऱ्याने लागलेल्या आगीत वाडे जळत असताना, रायगड पडला.

किल्ला पडला की दोन गोष्टी मागे राहतात : ओसाड चौथरे, आणि धनाची कथा. शत्रू आत येण्यापूर्वी किल्लेदाराने खजिना टाक्यात टाकला, देवीचे दागिने तळ्यात सोडले, सोन्याची मूर्ती डोहात बुडवली, अशी कथा सह्याद्रीतील बहुतेक गडांना चिकटलेली आहे. तिचे सर्वांत मोठे रूप रायगडावर सापडते. शिवछत्रपतींचे सुवर्णसिंहासन गंगासागर तलावाच्या तळाशी आहे, हे ऐकल्यावाचून रायगड उतरलेला माणूस विरळा. पाण्याखाली काय असते, ते कोणी शोधले, कसे शोधले, आणि शोधताना काय कायमचे हरवले, हा या धाग्याचा विषय आहे.

प्रथम सिंहासन. सभासद बखरीने ते बत्तीस मण सोन्याचे सांगितले आहे. मणाचे माप स्थळकाळानुसार बदलत असे, म्हणून त्यावरून आजच्या किलोग्रॅमचा आकडा काढताना जपून राहावे हे बरे. जून १६७४ मधील राज्याभिषेकास हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन यानेही सिंहासनाच्या वैभवाची नोंद केली आहे. म्हणजे सिंहासन होते, याविषयी शंका नाही. प्रश्न ते गेले कोठे, हा आहे.

फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी महाराज संगमेश्वरी पकडले गेले. रायगडावर राजाराम महाराजांचे मंचकारोहण झाले, एप्रिलमध्ये ते गडाबाहेर पडले, आणि नोव्हेंबरात येसूबाई व बाल शाहू यांच्यासह गड मोगलांच्या हाती गेला. वेढा घालणाऱ्या इतिकादखानास याच विजयाबद्दल झुल्फिकारखान हा किताब मिळाला. कथा म्हणते, सिंहासन या वेढ्याच्या काळात तलावात गेले. मात्र गंगासागर हे गडाचे पिण्याच्या पाण्याचे साठवण होते. वेढ्यात सापडलेली शिबंदी ज्या पाण्यावर जगते त्यात अवजड सिंहासन लोटते, ते शेकडो माणसांच्या देखत लोटते, आणि गड ताब्यात घेणाऱ्या मोगलांस त्याची वार्ताही लागत नाही, हे पटण्याजोगे नाही. १६८९ नंतर गड ओस पडला असेही झाले नाही. मोगल, मग जंजिऱ्याचे सिद्दी, १७३३ पासून पुन्हा मराठे, असा तो १८१८ पर्यंत नांदता होता. शांताराम आवळसकरांचे ‘रायगडची जीवनकथा’ हे पुस्तक वाचले म्हणजे या उत्तरकाळातही गडावर किती कारभार चालू होता ते ध्यानात येते. नांदत्या गडावरचे तळे हे पिढ्यान्‌पिढ्या घागरी बुडवण्याचे ठिकाण असते. शंभर वर्षे कोणी न पाहिलेली ती तिजोरी नव्हे.

सोन्याच्या बाबतीत सर्वांत साधे उत्तर बहुधा खरे असते. ते वितळवले जाते. लढाईच्या काळात सोन्याचा पत्रा हा सैन्याचा पगार असतो, मग तो आपल्या सैन्याचा असो वा शत्रूच्या.

रायगडच्या ज्या खजिन्याचा माग कागदावर लागतो त्याची गोष्ट अधिक रोचक आहे. १८१८ मध्ये गडावर सुमारे पाच लाख रुपयांची रोकड इंग्रजांच्या हाती लागली. त्याखेरीज गडाचा कारभार पाहणारे नारोबा गोविंद औटी यांच्याजवळची मोठी रक्कम पुण्यात जप्त झाली. ही रक्कम त्यांची खाजगी की पेशव्यांची, यावरून वारसांनी दावा लावला. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने वारसांची बाजू घेतली, आणि १८३० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. युद्धात केलेल्या जप्तीवर दिवाणी न्यायालयाचा अधिकार चालत नाही, हे तत्त्व सांगण्यासाठी वकील आजही या खटल्याचा दाखला देतात. रायगडचे धन शोधायचे असेल तर गंगासागरापेक्षा न्यायालयाच्या दप्तरात अधिक सापडेल.

तरीही मनुष्य तलाव उपसतोच. त्याचे जगप्रसिद्ध उदाहरण दक्षिण अमेरिकेत कोलंबियाच्या डोंगरांतील ग्वाताविता या तळ्याचे आहे. तेथील मुइस्का लोकांचा नवा राजा अंगाला सोन्याची भुकटी माखून तराफ्यावरून तळ्याच्या मध्यावर जाई आणि सुवर्ण अर्पण करी, अशी कथा स्पॅनिश आक्रमकांनी ऐकली. ‘एल दोरादो’ची दंतकथा येथूनच निघाली. १५४५ मध्ये एर्नान पेरेस दे केसादा याने माणसांची रांग लावून हातोहात पाणी उपसले आणि पातळी काही हात खाली आणली. १५८० च्या सुमारास आन्तोनिओ दे सेपुलवेदा या व्यापाऱ्याने डोंगराची कड फोडून पाणी सोडले, तेव्हा कड ढासळून कामकरी दगावले. ती खाच आजही डोंगरात दिसते. विसाव्या शतकाच्या आरंभी एका इंग्रजी कंपनीने बोगदा खणून तळे जवळजवळ कोरडे केले. तळाशी चिखल इतका खोल की पाय ठेवता येईना. उन्हात तो चिखल वाळून सिमेंटसारखा कठीण झाला आणि खणता येईना. हाती आलेल्या वस्तू विकून सुमारे पाचशे पौंड मिळाले. कंपनी बुडाली. १९६५ मध्ये कोलंबिया सरकारने तळ्यास संरक्षण दिले.

आणि त्या कथेला पुष्टी देणारी वस्तू? सोन्याचा एक लहानसा तराफा, त्यावर मध्ये राजा आणि भोवती सेवक. तो १९६९ मध्ये पास्का गावाजवळच्या डोंगरातील एका गुहेत सापडला. शतकानुशतके तळे फोडणाऱ्यांस जे मिळाले नाही ते कोरड्या गुहेतल्या मडक्यात होते.

ग्वाताविता येथे सोन्याच्या लोभाने चिखल उपसला गेला. महाराष्ट्रात आज तो भक्तीने उपसला जातो. कर्जत आणि खालापूर परिसरातील किल्ल्यांवर पाहावे : चौकजवळचा इर्शाळगड, कर्जतच्या आंबिवलीवरचा पेठ ऊर्फ कोथळीगड, रसायनीशेजारचा कर्नाळा. या सर्वांवर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांतली काही मातीने, दगडांनी, कुजलेल्या पाल्याने भरून गेली. गेल्या काही दशकांत गडसंवर्धन करणारी तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशी फावडी आणि घमेली घेऊन गडावर जातात आणि ही टाकी मोकळी करतात. पाणी पुन्हा साठते, उन्हाळ्यात पक्ष्यांची आणि वाटसरूंची तहान भागते. या श्रमांविषयी आदरच वाटावा. पण त्या घमेल्यातून कड्यावरून खाली जाते ते काय, हे समजून घेतले पाहिजे.

वापरातले टाके दरवर्षी साफ केले जाई. पाऊस येण्यापूर्वी तळाचा गाळ काढणे हे गडावरचे नित्याचे काम होते. म्हणून गाळ साचू लागतो तो साफ करणारे हात थांबतात तेव्हा. टाक्यातील सर्वांत खालचा थर हा त्या गडावरच्या शेवटच्या माणसांचा थर असतो. त्यात फुटलेल्या घागरींची खापरे, शिशाच्या गोळ्या, तोफेचे लोखंडी गोळे, क्वचित तांब्याची शिवराई सापडते. त्याहून मोलाचे म्हणजे पाण्याखालच्या चिखलात हवा पोचत नाही, म्हणून एरवी कुजून जाणाऱ्या वस्तू तेथे टिकतात : दोर, चामडे, लाकडाचे तुकडे, धान्याचे दाणे, फळांच्या बिया, झाडांचे परागकण. गडावरची माणसे काय खात होती, गडाभोवती रान कोणते होते, ते ओसाड पडल्यावर कोणती झाडे वाढली, हे बखरीत नसते. ते या काळ्या चिखलात असते, आणि थरांच्या क्रमानेच वाचता येते. थर एकदा मिसळले की ते पुस्तक पाने फाडून पोत्यात भरल्यासारखे होते.

तोफगोळा मात्र ठेवून घेतला जातो, धुऊन पुसून पायथ्याच्या गावात मांडला जातो. तो कोणत्या टाक्यातून, किती खोलीवरून, कोणत्या खापरांसोबत आला हे कोणी लिहून ठेवलेले नसते. मग तो फक्त एक लोखंडी गोळा उरतो.

वस्तू आणि तिचे ठिकाण यांचे नाते किती मोलाचे, हे कोकणातल्या एका तळ्याने दाखवून दिले आहे. कर्जतजवळचे कोंडाणे लेणे प्राचीन व्यापारी वाटेवर आहे. त्याच्या चैत्याच्या दर्शनी भागावर कण्हाचा शिष्य बालक याने हे काम केल्याचा ब्राह्मी लेख आहे. ही वाट उल्हास नदीच्या खोऱ्यातून खाली कल्याणकडे आणि पुढे शूर्पारक म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याकडे जात असे. तेथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाच्या कोटात स्तूप उकरून काढला. त्याच वर्षी भटेला तलावाजवळ त्यांना एक फुटका दगड मिळाला. त्यावर सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा होता. दगडात सोने नव्हते, पण तेवढ्या तुकड्याने पश्चिम किनारा मौर्य राज्याच्या नकाशावर आणला. पुढे १९५६ मध्ये एशियाटिक सोसायटीचे ग्रंथपाल ना. अ. गोरे यांना भुईगावच्या किनाऱ्यावर नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. दोन्ही दगड कोठे सापडले ते माहीत आहे म्हणूनच सोपाऱ्यास अशोकाचे सर्व लेख एकत्र कोरलेले असावेत, असे अनुमान करता येते. हेच दगड एखाद्या दुकानात ठावठिकाण्यावाचून आले असते तर?

घाट चढून गेले की नद्यांचे स्वरूप बदलते, आणि शोधणाऱ्यांचेही. गोदावरीकाठच्या नाशिक, पैठण यांसारख्या जुन्या शहरांत दोन हजार वर्षे वस्ती अखंड आहे. काठाची माती पावसागणिक नदीत ढासळते, आणि तिच्याबरोबर सातवाहनांची शिशाची, तांब्याची, पोटीनची लहान लहान नाणी पात्रात येतात. ती शोधण्याचे कसब झारेकऱ्यांकडे होते. झारेकरी म्हणजे सराफकट्ट्यावरची केरमाती गोळा करून, ती नदीच्या पाण्यात पसरट पाटीत हलवून हलवून, सोन्याचांदीचे कण वेगळे करणारी माणसे. चांदा, बालाघाटकडे याच जातीच्या धंद्यातील लोकांना सोनझरी म्हणत, आणि ते थेट नदीची वाळू धूत. पाटी फिरवली की हलकी माती पाण्याबरोबर निघून जाते आणि जड ते तळाशी राहते. जड म्हणजे सोने. पण शिशाचे नाणेही जडच.

अशा रीतीने नदीतून निघालेली नाणी सराफाकडे, तेथून संग्राहकाकडे, आणि कधी कधी संग्रहालयात पोचली. झारेकऱ्याची पाटी नसती तर यांतली कित्येक नाणी समुद्रास मिळाली असती, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. सातवाहनांच्या नाण्यांच्या अभ्यासात या अनाम माणसांचा वाटा मोठा आहे आणि त्याची नोंद फारशी कोठे नाही. मात्र नदीतले नाणे एकटे असते. ते कोणाबरोबर होते, हे ते सांगू शकत नाही.

एकत्र सापडलेली नाणी काय सांगतात, याचे उदाहरण त्याच गोदावरीच्या काठी आहे. नाशिकजवळ गोदावरी आणि दारणा यांच्या संगमाशी असलेल्या जोगलटेंभी गावात १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. एकूण सुमारे १३,२५० नाणी, सगळी क्षहरात राजा नहपान याची. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती बारकाईने तपासली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. शत्रूचे चलन गोळा करून, त्यावर आपली मुद्रा मारून, ते पुन्हा बाजारात सोडण्याचे काम अर्धेअधिक झालेले असताना हा साठा कोणीतरी पुरून ठेवला. नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेख गौतमीपुत्राने क्षहरातांचे निर्मूलन केल्याचे सांगतो. त्या निर्मूलनाचा हिशेब या साठ्याने नाण्यांच्या संख्येत दिला. हाच साठा पुराने फुटून पात्रात विखुरला असता आणि शंभर वर्षांत शंभर पाट्यांतून एकेक करून निघाला असता, तर नाणी तीच असती आणि हे प्रमाण कोणालाही कळले नसते.

अलीकडे रामकुंडावर आणि पंढरीच्या चंद्रभागेत मुले दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडताना दिसतात. भाविकांनी टाकलेली नाणी त्याला चिकटून येतात. हा उद्योग शक्य झाला तो नाण्यांची धातू बदलली म्हणून. १९८८ पासून लहान नाणी आणि १९९२ पासून रुपया स्टेनलेस स्टीलमध्ये पाडला जाऊ लागला, आणि ते स्टील चुंबकास चिकटणारे आहे. शिवकालीन तांबे, सातवाहनांचे शिसे, नहपानाची चांदी चुंबकाला ओळखतच नाही. त्यामुळे चुंबकाची मुले पोटापुरते आजचे पैसे काढतात आणि इतिहास जागच्या जागी राहतो. पाश्चात्त्य देशांत हाच खेळ छंद म्हणून चालतो आणि कालव्यांतून महायुद्धातले बॉम्ब वर येतात, तेव्हा पोलिसांस धावावे लागते.

कायद्याचे काय? भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ सालचा आहे आणि अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक आहे. मालक न निघाल्यास आणि सरकारने धन स्वतःकडे न घेतल्यास शोधणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा, अशी वाटणी त्यात सांगितली आहे. १८७८ चे दहा रुपये तसेच राहिले आहेत. कायद्याची व्याख्या जमिनीत किंवा जमिनीशी जोडलेल्या वस्तूत लपवलेल्या धनाची आहे. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पुरलेला हंडा होता. देवाला अर्पण म्हणून वाहत्या पाण्यात सोडलेले नाणे लपवलेले म्हणायचे काय, हा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही. १९७२ च्या पुरावशेष अधिनियमाने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या नोंदणीची आणि निर्यातबंदीची तरतूद केली. दोन्ही कायदे वस्तूचे रक्षण करतात. ज्या गाळातून ती निघाली त्याचा विचार त्यांत नाही.

तो विचार आधी केला भूवैज्ञानिकांनी. बुलढाण्याच्या लोणार सरोवराच्या तळात नळी रोवून भारतीय आणि जर्मन संशोधकांनी सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा अखंड स्तंभ बाहेर काढला. त्यात अकरा हजार वर्षांचे थर होते. क्षारांचे आणि परागकणांचे प्रमाण पाहून त्यांनी पावसाचा इतिहास वाचला. साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी मध्य भारतात पाऊस दीर्घकाळ उणावला होता, असे त्यातून दिसले. गोदावरी, प्रवरेच्या काठी ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची गावे वसू लागली ती याच काळाच्या आगेमागे. ही माहिती मिळवण्यासाठी सरोवर उपसावे लागले नाही. हाताच्या पंज्याएवढ्या रुंदीचा स्तंभ पुरला.

आणि आता पुन्हा रसायनी. गावाला हे नावच कारखान्यांमुळे मिळाले. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना येथे उभा राहिला, भोवती इतर आले. येथून वाहणारी पाताळगंगा बारमाही आहे. त्यामागे निसर्गापेक्षा मनुष्याचा हात अधिक आहे. टाटांचे खोपोली येथील वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. घाटमाथ्यावरील लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांचे पाणी नळांतून खाली येते, यंत्रे फिरवते आणि पाताळगंगेत सुटते. एरवी चैत्रात कोरडी पडणाऱ्या कोकणी नदीला शंभर वर्षांहून अधिक काळ घाटावरचे पाणी मिळत आहे. खाली आपट्याच्या पुढे ती भरतीच्या पाण्याला भेटते, वेग मंदावतो आणि गाळ बसतो.

त्या गाळातून कोणी सोने शोधलेले नाही. पण खाडीतील गाळाच्या थरांचे वय आता ठरवता येते. शिसे-२१० या किरणोत्सारी द्रव्याचे प्रमाण सुमारे बावीस वर्षांत निम्मे होते, त्यावरून गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतील थर ओळखता येतात. १९५० आणि ६० च्या दशकांतील अणुचाचण्यांतून जगभर पसरलेल्या सीझियम-१३७ चा ठळक पट्टा १९६३ च्या आसपासचा थर दाखवतो. म्हणजे खोपोलीचे पाणी प्रथम आले ते वर्ष, रसायनीचे कारखाने उभे राहिले ते दशक, आणि त्यानंतर नदीत जे जे सुटले ते धातू नि रसायने, हे सारे तेथे खालून वर क्रमाने लागलेले असते. कारखान्याचे दप्तर रद्दीत जाते, कंपनीची मालकी बदलते, रसायनीतला तो सरकारी कारखानाही आता बंद झाला. आपट्याच्या रेल्वेपुलावरून गाडी जाताना प्रवासी हात जोडून रुपया टाकतो. तो पाण्याला लागून बुडतो आणि चालू वर्षाच्या थरावर जाऊन बसतो.